शनिवारची खुर्ची

सेबियो : थांब. उत्तर नको सांगूस. आधी सांग, प्रश्न कशाचा आहे?

प्रिस्का : पाण्याचाच आहे, निनो. आठ इंची पाइप, पुढे जाऊन तो सहा इंची होतो, आणि मग…

सेबियो : ते ऐकलं मी. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. विचारलंय काय?

प्रिस्का : टोकाला दाब किती उरेल.

सेबियो : आणि तू कॅल्क्युलेटर कधी हातात घेतलास?

प्रिस्का : आत्ताच… म्हणजे वाचता वाचता.

सेबियो : 'सहा इंची' म्हणायच्या आधीच बटणं वाजायला लागली तुझी. विचारलंय काय ते कळायच्या आत तू आकडे दाबतेस. वाढायच्या आधीच ताटात हात घालतेस.

प्रिस्का : घाई होते हो. एवढे ऐंशी प्रश्न, डोक्यावर घड्याळ…

सेबियो : घड्याळ सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. बरं, उत्तर काय आलं?

प्रिस्का : ब. आणि पुस्तक म्हणतंय ड. चुकून चुकलं, गॅलनचे घनफूट करायचे राहिले.

सेबियो : 'चुकून चुकलं' हे बंद कर. इंजिनिअरच्या लायसन्सच्या परीक्षेत तीन वेळा नापास झालीस आणि तिन्ही वेळा मला हेच ऐकवलंस. चुकीला नाव दे. तुला येत नव्हतं? येत होतं पण हँडबुकात सापडलं नाही? की येत होतं, सापडलं, आणि घाईत घाण केलीस?

प्रिस्का : घाण केली.

सेबियो : मग त्याच्यापुढे 'घाण' लिही. आठवड्याच्या शेवटी घाण किती झाली ते बघ. ज्याचा ढीग मोठा त्याच्यावर बस. तू काय करतेस ठाऊक आहे? पाण्याचा धडा पुन्हा पुन्हा वाचतेस, कारण तो तुला येतो. येतं तेच वाचत बसणं म्हणजे आरशासमोर बसणं. बीम आणि कॉलम कधी उघडलेस शेवटचे?

प्रिस्का : …उघडते की.

सेबियो : कधी?

प्रिस्का : शेजारचा हिलारियो मासे घेऊन आला ना, त्या रविवारी. मग साफ करायलाच सगळी दुपार गेली.

सेबियो : म्हणजे मासे उघडलेस.

प्रिस्का : हसू नका, निनो. ते बघा, डायलिसिसचं मशीन वाजतंय. नर्सला हाक मारू?

सेबियो : नको. हात वाकला माझा. सरळ धरला की गप्प होईल. झालं? आता बर्फाचा तुकडा दे एक. एकच. रुफिना मोजते. बायको कसली, हिशेबनीस आहे.

प्रिस्का : घ्या. ओठ किती सुकलेत तुमचे.

सेबियो : जन्मभर रोता बेटाला पाणी पाजलं आणि आता या परक्या बेटावर कपभर पाणी प्यायचं तर डॉक्टरची परवानगी. असू दे. पुढचा प्रश्न. वाच, आणि उत्तर सांगू नकोस. मला फक्त सांग, हँडबुकात कुठलं पान आणि शोधायला कुठला शब्द टाकशील.

प्रिस्का : निनो, एक विचारू? रागावू नका.

सेबियो : टाकीचं असेल तर विचारू नकोस.

प्रिस्का : टाकीचंच आहे. आपल्या सिनापालो गावाची वरची टाकी वादळात फुटली, त्याला किती दिवस झाले! लोकांना सकाळी थोडा वेळ पाणी येतं, मग नळाला नुसती हवा. ड्रॉइंग माझी तयार आहेत. तुमचं लायसन्स अजून चालू आहे. तुम्ही नुसता शिक्का मारलात तर…

सेबियो : मला ते ड्रॉइंग दिसतं?

प्रिस्का : मी वाचून दाखवेन. एकेक रेघ.

सेबियो : तू दाखवशील आणि मी ऐकेन. म्हणजे शिक्का माझा आणि डोळे तुझे. नेनी, बाळा, जे मला दिसत नाही त्याच्याखाली मी नाव घालणार नाही. उद्या टाकी फुटली तर खाली कोणाची घरं आहेत?

प्रिस्का : माझंच आहे पहिलं.

सेबियो : म्हणून. शिक्का तुझा हवा. माझ्यामागे त्या बेटावर इंजिनिअर म्हणून एक माणूस उरत नाही. बाप्तिस्म्याला तुझा निनो, तुझा धर्मपिता म्हणून तुला या हातांनी धरलं होतं, तेव्हा पाद्रीबाबांना कबूल केलं होतं की पोरीला वाट दाखवीन. देवाची नाही दाखवता आली. ही तरी दाखवतो. तू पास झालीस की मी सुटलो.

प्रिस्का : म्हणजे दर शनिवारी माझी कटकट सुटली, असंच ना?

सेबियो : वाच पुढचा.

* * *

प्रिस्का : निना, तुम्ही उन्हात का उभ्या? आत या ना, थंड आहे.

रुफिना : आतला तो वास मला नको. तो काय करतोय?

प्रिस्का : झोप लागलीय. अजून तासभर चालेल मशीन. मी म्हटलं, माझं रोताचं विमान दुपारचं आहे तोवर तुम्हाला भेटावं. ही घ्या, आपल्याकडची रताळी. आईने पाठवलीत.

रुफिना : रताळी! त्याला चालतात का रताळी? दहादा सांगितलं, पोटॅशियम का फिटॅशियम असतं त्याच्यात. बघितलं की हावरटासारखा मागतो आणि मग मला वाईट व्हावं लागतं.

प्रिस्का : तुमच्यासाठी आणली हो. त्यांना दाखवू नका.

रुफिना : दाखवायला त्याला दिसतंय कुठे? वासाने ओळखेल. …ठेव पिशवी गाडीत. आणि इकडे ये. जवळ ये. तुझी परीक्षा कधी आहे?

प्रिस्का : पुढच्या महिन्यात. ग्वामला जाऊन द्यायची. यावेळी जरा बरं वाटतंय, निना. निनो म्हणतात तसं करतेय. चुकांचे ढीग केले तर कळलं, मी येत नाही म्हणून नाही चुकत, धांदलीने चुकते. वाचनालयात दिवसभर बसून आख्खा पेपर सोडवला. जेवणाचा डबासुद्धा परीक्षेच्या दिवशी नेणार तोच…

रुफिना : पास होऊ नकोस.

प्रिस्का : काय?

रुफिना : ऐकलंस ते. पास होऊ नकोस, पोरी.

प्रिस्का : निना, काय बोलताय तुम्ही?

रुफिना : त्याने डॉक्टरला सांगितलंय. पाद्रीबाबांनाही सांगितलंय. मला नाही सांगितलं, मी दाराआडून ऐकलं. 'प्रिस्काचं होऊ दे, मग या सुया बंद. मग मला घरी रोताला जाऊ द्या.' आणि डॉक्टर काय म्हणाला? आदराने 'तुन' लावून म्हणाला, तुमचा हक्क आहे, तुन सेबियो. हक्क! सुया बंद केल्या तर किती दिवस राहतो माणूस, माहीत आहे तुला?

प्रिस्का : …आठवडा. दोन आठवडे.

रुफिना : माझ्या बहिणीचा नवरा नऊ दिवस होता. येशू मारिया होसे! तुझ्या त्या परीक्षेपायी तो या खुर्चीत येऊन बसतो. मंगळवारी कुरकुरतो, गुरुवारी कुरकुरतो, उठवत नाही त्याला. शनिवारी मात्र माझ्याआधी उठून, दाढी करून बसतो. म्हणतो, प्रिस्का येणार, आज बीमचे प्रश्न आहेत. बीम!

प्रिस्का : मला हे माहीत नव्हतं.

रुफिना : आता झालं. तीन वेळा नापास झालीसच ना? तशी अजून एकदा हो. त्यात तुझं काय जाणार आहे?

प्रिस्का : निना, तिकडे लोक बादल्या घेऊन ट्रकमागे उभे राहतात. माझी आई या वयात उभी राहते. टाकी…

रुफिना : टाकीचं मला नको सांगूस! लग्न झालं त्या दिवसापासून टाकीच ऐकतेय मी. सवत परवडली असती, ती निदान म्हातारी झाली असती.

प्रिस्का : मी तुम्हाला काही कबूल करणार नाही.

रुफिना : नको करूस. फक्त त्या दिवशी तिकडे बसशील ना, तेव्हा माझा चेहरा आठव. एवढंच. …जा आता, विमान चुकेल. आणि आईला सांग, रताळी चांगली निघालीत म्हणावं.

प्रिस्का : अजून पिशवी उघडलीसुद्धा नाहीत तुम्ही.

रुफिना : रोताची रताळी कधी वाईट निघालीत?

* * *

सेबियो : आज तू गप्प आहेस. पेपर वाईट गेला का वाचनालयातला?

प्रिस्का : नाही. चांगला गेला. आजवरचा सगळ्यात चांगला.

सेबियो : किती?

प्रिस्का : ऐंशीत एकोणसाठ बरोबर. घाण फक्त चार.

सेबियो : मेरी माते! आणि हे तू असं मयताला आल्यासारखं सांगतेस?

प्रिस्का : निनो, मी पास झाले तर तुम्ही काय कराल?

सेबियो : झोपेन.

प्रिस्का : आणि नापास झाले तर?

सेबियो : तर शनिवारी ये. आपण ढीग काढून बसू. …का विचारतेस?

प्रिस्का : सहज.

सेबियो : सहज विचारायची ही वेळ आहे का? पुढच्या सोमवारी परीक्षा आहे. ऐक. आदल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. ग्वामला तुझी ती मावसबहीण आहे ना, ती कितीही म्हणाली तरी रात्री पार्टीला जायचं नाही. झोपायचं. पहिल्या फेरीत फक्त सोपे. दोनदा वाचून सुरुवात सुचली नाही तर खूण करून पुढे. अडलेल्या प्रश्नाशी भांडत बसायचं नाही. तो तुझा नवरा नाही.

प्रिस्का : हो.

सेबियो : पहिलं लिहिलेलं उत्तर उगाच बदलायचं नाही. गेल्या वेळी किती बदललीस?

प्रिस्का : आठवत नाही. बरीच.

सेबियो : आणि शेवटी वेळ उरला नाही तर एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. चुकलं म्हणून कोणी मार्क कापत नाहीत. …प्रिस्का?

प्रिस्का : ऐकतेय, निनो.

सेबियो : तुझा हात एवढा गार का?

प्रिस्का : इथला एसी.

सेबियो : माझं पांघरूण घे अर्धं. मला आज थंडी नाही.

* * *

प्रिस्का : मी आले, निनो.

सेबियो : बस. नर्स म्हणत होती, आज प्रेशर खाली येतंय माझं, लवकर सोडतील. बरं झालं तू वेळेत आलीस. निकाल आला का?

प्रिस्का : काल आला. नापास.

सेबियो : …हं.

प्रिस्का : मी फोनवर सांगू शकले असते. म्हटलं, समोर बसून सांगावं.

सेबियो : त्या कागदावर विषयवार पट्ट्या असतात. वाच.

प्रिस्का : कशाला आता?

सेबियो : वाच म्हणतो ना.

प्रिस्का : बीम-कॉलम, पासाच्या रेषेच्या वर. पहिल्यांदाच. रस्ते, वर. माती, जेमतेम रेषेवर. बांधकाम, वर. पाणी…

सेबियो : पाणी?

प्रिस्का : खाली. सगळ्यात खाली.

सेबियो : पुन्हा वाच.

प्रिस्का : पुन्हा वाचून पट्टी वर जाणार नाही, निनो.

सेबियो : तू पाण्यात नापास? पंधरा वर्षं तू माझ्या हाताखाली पाणीच केलंस. बीमने बुडवलं असतं तर मी म्हटलं असतं, ठीक. पाण्यात तुला कोणी बुडवू शकत नाही. …प्रिस्का, रुफिना तुझ्याशी काही बोलली होती का?

प्रिस्का : कशाबद्दल?

सेबियो : म्हणजे बोलली. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं. काय म्हणाली?

प्रिस्का : म्हणाली… पास होऊ नकोस.

सेबियो : आणि तू मुद्दाम सोडलास पेपर.

प्रिस्का : नाही.

सेबियो : खरं सांग. मी रागावणार नाही.

प्रिस्का : नाही सोडला, निनो! तेच तर. मुद्दाम सोडला असता तर निदान काहीतरी केलं असं झालं असतं. मी पास व्हायलाच बसले होते. तुम्ही नंतर काय करणार आहात ते माहीत असून बसले. मावसबहिणीला नाही म्हटलं, झोपले, डबा नेला, पहिल्या फेरीत फक्त सोपे सोडवले. तिचा चेहरा मला दिवसभर आठवला नाही. एकदाही नाही. विमानात बसल्यावर आठवला.

सेबियो : मग पाण्यात काय झालं?

प्रिस्का : प्रश्न सांगायचा नाही अशी सही केलीय.

सेबियो : प्रश्न नको सांगूस. तुझं सांग.

प्रिस्का : एक टाकीचा होता. मला वाटलं ही आपलीच टाकी. सगळं सिनापालोच डोळ्यांसमोर आलं. खूण करून पुढे जा, हे मला ठाऊक होतं. तुमचा आवाज कानात होता. पण हात निघेना. उत्तर आलं, मग वाटलं चुकलं, मग पुन्हा केलं, वेगळं आलं. तिथून पाण्याचा प्रत्येक प्रश्न मी दोन-दोनदा करत सुटले, कारण हे तरी मला यायलाच हवं. शेवटी वेळ संपत आला तेव्हा उरलेले गोल डोळे मिटून भरले. त्यात पाण्याचेच किती होते कोण जाणे.

सेबियो : भांडत बसलीस.

प्रिस्का : हो.

सेबियो : सांगितलं होतं तुला.

प्रिस्का : हो. सगळं सांगितलं होतंत तुम्ही. तुमच्यात काही कमी नव्हतं. माझ्यातच… मी एक्केचाळीस वर्षांची आहे, निनो. मुलगी विचारते, आई, तू शाळा कधी संपवणार?

सेबियो : टाकीचं काय ठरलं?

प्रिस्का : बाहेरची कंपनी येतेय. त्यांचा इंजिनिअर शिक्का मारणार. टाकी वरच्या पठारावर घेणार म्हणतात, रस्ता जवळ पडतो म्हणून.

सेबियो : पठारावर? खाली चुनखडीत पोकळ्या आहेत. आपण दोघांनी भोकं पाडून बघितलंय तिथे.

प्रिस्का : सांगितलं मी. बैठकीत उभी राहून सांगितलं.

सेबियो : मग?

प्रिस्का : त्या माणसाने छान ऐकून घेतलं. मग विचारलं, तुमचा लायसन्स नंबर काय?

सेबियो : …बर्फ दे.

प्रिस्का : घ्या. अजून एक घ्या. निना बाहेर आहेत. निनो, पुन्हा तारीख मिळते. मी देईन. आपण फक्त पाण्याचा ढीग काढू, दर शनिवारी…

सेबियो : नाही, नेनी.

प्रिस्का : तुम्हीच म्हणाला होतात. नापास झालीस तर शनिवारी ये.

सेबियो : म्हणालो होतो. तेव्हा वाटलं होतं, जमेल. गुरुवारी त्यांना तीनदा टोचावं लागलं. हातात आता जागाच राहिली नाही, मानेतून नळी घालायची म्हणतात. मी नाही म्हटलं. तुझ्या निकालासाठी थांबलो होतो, निकालाच्या पलीकडचं मी धरलंच नव्हतं. आज मशीनवरची शेवटची खेप.

प्रिस्का : मी पास झाले असते तरी आज, आणि नापास झाले तरी आजच?

सेबियो : पास झाली असतीस तर आज बरं वाटलं असतं. एवढाच फरक.

प्रिस्का : मग मी सगळा वेळ… विमानात मी देवाला म्हणत होते, नापास कर मला. पेपर देऊन झाल्यावर! आणि घरी पोचल्यावर म्हणत होते, पास कर.

सेबियो : त्याचाही गोंधळ झाला असेल.

प्रिस्का : नका ना हसवू.

सेबियो : रडतेस का? रड. पण आवाज करू नकोस, पलीकडच्या खुर्चीतला मेंदिओला झोपलाय, उठला की गाणी म्हणतो. …आता माझं एक काम कर. रुफिना आत आली की तिला सांग, मुद्दाम नापास झालीस म्हणून.

प्रिस्का : काय? का?

सेबियो : तिने तुझ्याकडे एक गोष्ट मागितली. आयुष्यात तिने फारसं कोणाकडे काही मागितलेलं नाही. तुला दिली असं तिला वाटू दे. मी गेल्यावर ती इथून तिथून दोष शोधत बसेल, तेव्हा तुझ्यावर तरी तिचा राग नको. रोतामध्ये तुमची घरं जवळजवळ आहेत. रोज तोंड बघायचंय तुम्हाला एकमेकींचं.

प्रिस्का : मला खोटं बोलता येत नाही, आत्ताच म्हणालात.

सेबियो : तिला ऐकायचंच आहे ते. नीट बोलावं लागणार नाही तुला.

(पडदा सरकवून रुफिना आत येते.)

रुफिना : झालं का रे तुझं? नर्स म्हणते, आज लवकर सोडतोय. …तू का गं डोळे पुसतेस? काय लागला निकाल?

प्रिस्का : नापास झाले, निना.

रुफिना : नापास?

प्रिस्का : तुम्ही… तुम्ही म्हणाला होतात ना. मी पाण्याचे प्रश्न सोडले. जे येत होते ते.

रुफिना : सोडलेस?

प्रिस्का : हो.

रुफिना : अगं पोरी. अगं माझ्या पोरी. इकडे ये. किती वाळलीस तू, हाडं लागतात हाताला. सेबियो, ऐकलंस का? ऐकू दे त्याला, लपवायचं काय आता! हिने माझ्यासाठी सोडला. एवढा अभ्यास करून सोडला. मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू? मी कंगोऱ्यांचा तो नवा झगा शिवतेय ना, तो तुझ्या मुलीला. आणि ऐक, आज विमानाने जायचं नाही, घरी यायचं, लाल भात टाकते, लिंबू-नारळ घालून कोंबडीचं केलागुएन करते…

सेबियो : रुफिना, श्वास घे.

रुफिना : तू गप्प बस. तुला मी काही विचारत नाही. मंगळवारी यायचं म्हणजे यायचं. आता कारण नको शोधूस. ही पुन्हा बसणार आहे परीक्षेला, हो ना गं? मग तोवर तुला बसायलाच लागणार. मी गाडी दारात आणते. त्याचा हात दाबून धर तू, पट्टी सुटते कधीकधी.

प्रिस्का : धरते.

रुफिना : देव तुझं भलं करो. आलेच.

प्रिस्का : …गेल्या. निनो, आजची शेवटची खेप हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.

सेबियो : मंगळवारी सांगतो. आज तिला गाडी चालवायची आहे.